पहिली वेलांटी

ऑफिसात मी दिवसातून चाळीस-पन्नास वेळा तरी ग्रेप मारते. ग्रेप म्हणजे लिनक्समधली, फाइलींच्या आतला मजकूर शोधणारी कमांड. फाइलीचं नाव माहीत नसलं तरी चालतं, आतला एक शब्द आठवला की पुरे. त्यामुळे फेब्रुवारीत आई फोनवर म्हणाली, "बाबांच्या कॉम्प्युटरमध्ये एक कागद आहे, तेवढा शोधून दे," तेव्हा मी "दहा मिनिटांत देते" म्हणून मोकळी झाले. त्याला दोन रविवार गेले.

बाबांचं एसटी स्टँडमागे डीटीपीचं दुकान होतं. लग्नपत्रिका, तहसीलचे अर्ज, निवडणुकीची पत्रकं, लोकांची वाटणीपत्रं. २०२१ मध्ये बाबा गेले, दुकान बंद झालं आणि सीपीयू जुन्या चादरीत गुंडाळून पलंगाखाली गेला. त्याची आठवण झाली ती विहिरीमुळे. आमचं आणि काकांचं शेत वेगळं झालं, पण विहीर सामाईक राहिली. काका आठवड्यातले चार दिवस मोटर चालवतात, आम्हाला तीन. पाणी खाली गेलं की हा एक दिवस फार मोठा होतो.

"ठरलं होतं उलटं," आई म्हणाली. "चार आपले. भावजी एक दिवस आपला खातात. यांनी स्वतः टाइप केलेलं मी बघितलंय."

छापलेली प्रत कुणाकडेच नव्हती.

मी गावी जाऊन हार्ड डिस्क काढली आणि लॅपटॉपला जोडली. अकरा हजारांवर फाइली. नावं 'न्यू १', 'फायनल', 'फायनल २', 'एएए'. दिवसभर गिऱ्हाईक डोक्यावर उभं असलं की अशीच नावं सुचतात. मी टाइप केलं: विहीर. उत्तर: शून्य.

तालुक्याच्या दुकानातल्या अकरा हजार फाइलींत एकही विहीर नाही? अर्धे अर्ज तर विहिरीच्या अनुदानाचे असणार! मग एक फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडली, तेव्हा पेटली ट्यूब. आत एकही मराठी अक्षर नव्हतं. इंग्रजी अक्षरांचा नुसता कचरा.

बाबा कृतिदेव वापरायचे. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये तसं नसतं. तिथे फाइलीत इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, फाँट फक्त त्यांच्यावर मराठी मुखवटा चढवतो. डी लिहिलेला असतो, दिसतो 'क'. जे असतो, दिसतो 'र'. मी शोधत असलेली युनिकोडमधली 'विहीर' १५ बाइटची होती. बाबांची ५ बाइटची: एफ, ओ, जी, एच, जे. कॉम्प्युटरच्या लेखी या दोन शब्दांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही.

ग्रेप केन थॉम्पसनने लिहिला. १९७३ च्या युनिक्समध्ये तो पहिल्यांदा आला. ब्रायन कर्निघन त्याची गोष्ट सांगतात. त्यांच्या एका सहकाऱ्याला जुन्या अमेरिकन निबंधांपैकी कुठला कुणी लिहिला असावा, हे शब्दांवरून ताडायचं होतं आणि तेवढा मजकूर तेव्हाच्या एडिटरमध्ये मावत नव्हता. ही गोष्ट मला आधीपासून माहीत होती. तरीही बाबांच्या डिस्कवर मी माझ्याच पद्धतीने लिहिलेला शब्द शोधत बसले होते. त्यांनी कसं लिहिलं असेल, हा विचारच केला नव्हता.

एफ, ओ, जी, एच, जे. एंटर. चारशेच्या वर फाइली. पत्रकं, अर्ज, ग्रामसभेच्या नोटिसा. एकेक उघडत पहिला रविवार संपला. आमचा कागद त्यांत नव्हता.

पुढच्या रविवारी लक्षात आलं ते शाळेतलं व्याकरण. विहीर, पण विहिरीचं पाणी. प्रत्यय लागला की 'ही' ची 'हि' होते, म्हणजे शोधायचा शब्दच बदलतो. खरं तर लोक हे सर्रास चुकवतात, 'विहीरी' लिहितात. पण बाबा वेलांट्यांच्या बाबतीत कडवे. गिऱ्हाइकाने आणलेली पत्रिकासुद्धा फुकट दुरुस्त करायचे, वर ऐकवायचे, "पहिली वेलांटी आहे ती." त्यांनी पहिलीच दिली असणार, याची मला पैजेवर खात्री होती. सोबत 'पाळी' हा शब्द जोडला. त्यातला 'ळ' म्हणजे कॅपिटल जी, कारण छोटा जी तर 'ह' झाला.

दोन्ही शब्द असलेल्या फाइली निघाल्या तीन. दुसरी आमची. ऑगस्ट २०१४.

विहिरीच्या पाण्याची पाळी, दोन भावांची नावं, गट नंबर. आणि खाली: विहिरीच्या खोलीकरणाचा सर्व खर्च धाकट्या भावाने केला असल्याने आठवड्यातील चार दिवस त्याचे, तीन दिवस थोरल्याचे.

मी तीनदा वाचलं. वेलांट्या सगळ्या बरोबर होत्या.

एंटर न मारल्यासारखं करता आलं असतं. डिस्क खराब झालीये म्हटलं असतं तरी आईला खरं वाटलं असतं. शेवटी लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि तिच्यासमोर ठेवला. ती बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिली.

"ऑगस्ट चौदा," ती म्हणाली. "तुझी इंजिनिअरिंगची पहिली फी भरली होती तेव्हा. हातात काही नव्हतंच."

मग उठून तिने भात टाकला.

रात्री मी काकांना फाइल वॉट्सअॅपवर पाठवली. दोन मिनिटांत फोन आला. "अगं, हे काय पाठवलंयस? नुसती एबीसीडी दिसतेय." घाईत मूळ फाइलच गेली होती, त्यांच्या मोबाइलवर कृतिदेव कुठून असणार!

"थांबा काका," मी म्हटलं, "वाचून दाखवते."

आई शेजारीच बसली होती. मी सावकाश वाचत गेले. चार दिवस त्याचे, हे वाक्य वाचताना पलीकडे अगदी शांत होतं. संपल्यावर काका म्हणाले, "दादाने एवढं सगळं लिहून ठेवलं होतं होय?" आणि थोड्या वेळाने, "वहिनींना फोन दे जरा."

मी फोन आईकडे दिला.