आठ मिलिमीटर

१२ मार्च २०२०
सोनोग्राफी, मग सीटी. डाव्या मूत्रवाहिनीत खडा, ८ मिमी. किडनीला थोडी सूज. डॉक्टर म्हणाले, चारचा असता तर बहुतेक आपोआप पडला असता. हा दुर्बिणीने काढू. मीच म्हटलं, मार्च एंड होऊ द्या. ३ एप्रिल ठरली.

२२ मार्च
पाच वाजता गल्लीभर थाळ्या. मी आत, कमरेला गरम पाण्याची पिशवी.

२५ मार्च
पाडवा. साखरेची गाठी मिळाली नाही, गुढीला नुसता कडुलिंब. दवाखान्यातून फोन आला. तातडीची सोडून सगळी ऑपरेशनं पुढे ढकलली. तारीख नाही.
हायसं वाटलं. याची लाज वाटते.

२८ मार्च
डॉक्टर फोनवर बोलले. गोळ्या घेऊन वाट बघायची. किंवा लिथोट्रिप्सी, बाहेरून धक्के देऊन खडा फोडायचा. त्याच दिवशी घरी, पण तुकडे अडकले तर पुन्हा जावं लागणार. किंवा दुर्बीण, पाठीत भूल, एक रात्र मुक्काम. त्यांच्या मते दुर्बीणच बरी, पण थिएटर बंद. "निदान झाल्यापासून फार तर सहा आठवडे. आणि ताप आला तर एक तासही घरी थांबू नका, मॅडम."
वाट बघायची, असं सांगितलं. त्यात खड्याचा विचार नव्हता. दवाखान्यातली हवा, लिफ्टची बटणं, घरात ७८ वर्षांच्या सासूबाई.

३ एप्रिल
आज ऑपरेशन व्हायचं होतं. काउंटरवर बसले. जनधनचे ५०० रुपये आजपासून. साडेनऊलाच शटरपासून पानपट्टीपर्यंत बायका, चुन्याच्या गोलात, उन्हात. एकीने डोक्यावर पासबुक धरलेलं.
पाणी प्यायचं तर मास्क काढायचा. प्यायलं की बाथरूम, तेही सगळ्यांना मिळून एक. दिवसभरात एक ग्लास. सगळं माहीत असून.

९ एप्रिल
पहाटे कळ. पाठीतून जांघेत. उलटी. फरशीवर पडून राहिले, फरशी गार होती. ह्यांनी गोळी दिली तर हातात धरून बसले. कोरोनात ठराविक वेदनाशामक घेऊ नये, असं मागच्या महिन्यापासून सगळ्यांच्या फोनवर फिरतंय. शेवटी घेतली.

१० एप्रिल
सासूबाईंनी हुलग्याचं माडगं केलं. शेजारच्या काकूंनी कुंपणावरून पानफुटी दिली. बहिणीने फोनवर पाषाणभेदाचा काढा सांगितला. तिन्ही घेतलं. दवाखाना बंद झाल्यापासून गल्लीतलं प्रत्येक घर दवाखाना झालंय. माया खरी आहे. आठ मिलिमीटरही खरे आहेत.

१६ एप्रिल
४१ अंश. नळाला पाणी चौथ्या दिवशी. प्यायचं पाणीही मोजून.

२३ एप्रिल
सहा आठवडे झाले. दहा दिवस दुखलेलं नाही. पडला असेल, असं घरी सांगितलं. पडलेला मी पाहिलेला नाही.

२९ एप्रिल
संध्याकाळी हुडहुडी. दोन गोधड्या. १०२. कुणाला सांगू नका म्हटलं. घरावर पाटी लागेल, गल्ली सील होईल, बँकेतल्या सगळ्यांना घरी बसवतील. खडा डोक्यातसुद्धा आला नाही. ह्यांच्या डोक्यात आला.

१ मे
काल लिहिता आलं नाही.
पहिल्या दवाखान्यात फाटकावरच कपाळाला बंदूक लावली. ताप आहे, आत नाही. आधी स्वॅब, रिपोर्ट घेऊन या. हे सीटीची फिल्म दाखवत राहिले. वॉचमनला ती कशी कळणार?
दुसरीकडे पार्किंगमध्येच डॉक्टरांनी फाइल बघितली, मोबाइलच्या उजेडात. लघवीत पू. क्रिएटिनिन २.१. "स्वॅब घेतो, पण रिपोर्टसाठी थांबणार नाही. वरून किडनी तुंबलीय." रात्री अडीचला डीजे स्टेंट घातला. किट घातलेली चार माणसं, एकाचाही चेहरा दिसला नाही. एकीने माझ्या खांद्यावर हात ठेवला होता, रबरी, घामेजलेला. तो शेवटपर्यंत काढला नाही.

३ मे
रिपोर्ट निगेटिव्ह.

६ मे
घरी. आत नळी आहे. दर तासाला लघवी, शेवटी आग. खडा जिथल्या तिथे. जंतुसंसर्ग पूर्ण गेल्यावर काढणार. डॉक्टरांनी फाइलवर लाल पेनने लिहिलं: 'स्टेंट, ३० एप्रिल. तीन महिन्यांच्या आत काढणे.' ह्यांनी तेच कॅलेंडरवर लिहिलं.

१५ जून
तपासणीला गेले. बाकावर अक्कलकोटकडचे एक आजोबा. फेब्रुवारीत स्टेंट, महिन्याने काढायचा होता. एसटी बंद. नंतर सुरू झाली तर गावकरी म्हणाले, शहरात गेलात तर परत घेणार नाही. आता नळीवरच खडे धरलेत. सरळ ओढून निघणार नाही. ते विचारत होते, "बाई, ह्यात माझं काय चुकलं?"
काय सांगणार?

१७ जून
ऑपरेशनआधी कोरोनाची चाचणी. सरकारने परवाच दर उतरवला, साडेचार हजारांचे २,२०० झाले.

१९ जून
दुर्बीण झाली. पाठीत भूल, लेसरने फोडला. पाऊण तास. ज्याला तीन महिने भ्याले ते पाऊण तासाचं होतं.

३० जून
टीव्हीवर पादुका एसटीत बसून पंढरपूरला निघाल्या. सासूबाई हात जोडून टीव्हीसमोर उभ्या. बसल्या नाहीत.

३ जुलै
स्टेंट काढला. कॅलेंडरवरची नोंद ह्यांनी स्वतः खोडली.

११ जुलै
खड्याचा रिपोर्ट: कॅल्शियम ऑक्झॅलेट. शेंगाचटणी कमी करा, म्हणाले. सोलापुरात!

५ ऑगस्ट
शिपाईमामांच्या भावाला खडा निघालाय. मामा विचारत होते, आता दवाखान्यात जावं का, साथ ओसरू द्यावी? म्हटलं, किती मिलिमीटर ते विचारा. कुठे अडकलाय ते विचारा. कधीपर्यंत थांबायचं, ती तारीख डॉक्टरांकडून लिहून घ्या. दुखायचं थांबलं म्हणून गेला समजू नका. आणि थंडी वाजून ताप आला तर कोरोना म्हणून लपवू नका, खडा म्हणून सांगा, फिल्म हातात धरून. एका फाटकावर नाही घेतलं तर दुसऱ्यावर जा.
मामांनी चलनाच्या पाठीवर लिहून घेतलं.

१० ऑगस्ट
क्रिएटिनिन १.३. मार्चमध्ये ०.८ होतं. डाव्या किडनीची सूज पूर्ण उतरलेली नाही. पुढची सोनोग्राफी नोव्हेंबरात.