गाडीचे शॉकअप आणि सासूबाईंची पाठ

‘गाडीतलं मला काही कळत नाही बाई’ असं म्हणण्यात आपल्याला मोठी सोय असते. ती सोय मी बरीच वर्षं वापरली. खरं म्हणजे आमच्या घरी गाडी चालवते मीच. ह्यांना डोळ्यांचा त्रास, त्यामुळे ते स्कूटरपलीकडे गेले नाहीत. पण बॉनेट उघडायची वेळ आली, की मी पदर सावरून बाजूला उभी राहणार. मिस्त्री आणि हे काय ते बोलणार, आणि शेवटी किती द्यायचे एवढं मी विचारणार.

आमची गाडी २००६ सालची मारुती ८००. या गाड्या १९८३ साली पहिल्यांदा रस्त्यावर आल्या आणि २०१४ मध्ये बनायच्या बंद झाल्या. तरी तासगावात अजून कितीतरी दिसतात. पंधरा वर्षं झाली तेव्हा आर.टी.ओ.त जाऊन तपासणी करून, कर भरून तिची नोंदणी पुन्हा करून घेतली. गाडी चालू होते, थांबते, पाऊस आला तर भिजू देत नाही. आणखी काय हवं, असं मला वाटायचं.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आधी ती ऑइल बदलायला टाकली होती. आणायला गेले, तर मिस्त्री म्हणाले, “वहिनी, पुढचे शॉकअप बसलेत. डाव्याला तेल आलंय. बदलायला झालेत.”

मी विचारलं, “गाडी चालेल ना?”

“चालायला काय, चालेल की.”

मला तेवढं उत्तर पुरलं. दिवाळी तोंडावर आली होती, आणि घरातल्या जुन्या वॉशिंग मशीनला दोरी बांधून झाकण धरून ठेवायची वेळ आली होती. मी मशीन घेतलं. शॉकअपचं घरी आल्यावर ह्यांना सांगितलंसुद्धा नाही.

माघात पुतण्याची मुंज होती. परतताना संध्याकाळ झाली. एका गावाशी नवा गतिरोधक केला होता, त्यावर पांढरे पट्टेही ओढलेले नव्हते. मला दिसला तोवर गाडी वर चढली होती. एकदा आपटली, पुन्हा उसळली, पुन्हा आपटली. मागच्या सीटवर सासूबाई होत्या. “आई गं” एवढंच म्हणाल्या. मी विचारलं, “आई, लागलं का?” तर म्हणाल्या, “नाही गं, चल तू.”

चौथ्या दिवशी त्यांना अंथरुणावरून उठता येईना. मिरजेला नेलं. एक्सरेत पाठीचा एक मणका चेपलेला दिसला. डॉक्टरांनी विचारलं, “पडलात का आजी? काही जड उचललं होतंत?”

“पाण्याची बादली उचलली होती,” सासूबाई म्हणाल्या.

आमच्याकडे त्यांनी बादली उचलून पाच वर्षं तरी झाली असतील. मी समोर उभी होते. मी तोंड उघडलं नाही.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं, की या वयात हाडं विरळ होतात. वाकून काही उचललं, जोरात खोकला आला, वाहनात दणका बसला, कशानंही मणका चेपू शकतो. पट्टा दिला, औषधं दिली, महिन्यानं पुन्हा दाखवायला सांगितलं आणि वर बजावलं, “दणके टाळा.” आता मिरजेला न्यायचं त्याच गाडीतून, आणि दणके टाळायचे!

ह्यांनी दुसऱ्या दिवशी एक जाड स्पंजची गादी आणली. मी मात्र भाच्याला चालवायला बसवलं आणि स्वतः मागच्या सीटवर बसले. एवढ्या वर्षांत आपल्याच गाडीत मागं बसायचा प्रसंग मला क्वचित आला होता. चालवणाऱ्याच्या हातात स्टिअरिंग असतं, खड्डा आधी दिसतो, अंग आपोआप सावरतं. मागच्या माणसाला यातलं काहीच नसतं. बाजारपेठेतून बस स्टँडपर्यंत जाऊन आलो तेवढ्यात माझी कंबर धरली. आई गेलं वर्षभर कुठं न्यायचं म्हटलं की “मला काही नको, तुम्ही जाऊन या” असं का म्हणत होत्या, ते मला त्या फेरीत कळलं. आम्ही म्हणत होतो, वय झालं.

मग मी मिस्त्रींच्या गॅरेजात स्टूल घेऊन बसले आणि त्यांना म्हटलं, मला सगळं समजेल असं सांगा.

गाडीचं वजन पेलते ती स्प्रिंग. पण स्प्रिंग एकटी असली, तर झोपाळ्यासारखी. एकदा झोका दिला की हलतच राहते. तो झोका थांबवायला आपण पाय टेकतो ना, ते काम शॉकअपचं. शॉकअपच्या नळीत तेल असतं आणि दट्ट्याला बारीक भोकं. दट्ट्या सरकला की तेलाला त्या भोकांतून जावं लागतं. आपला चकलीचा सोऱ्या आठवा. हळू दाबला तर पीठ सावकाश येतं, घाई केली तर हाताला रट्टे लागतात. तोच विरोध गाडीची उसळी जिरवतो. तेल गळून गेलं किंवा आतला दट्ट्या झिजला, की सोऱ्यात पीठच नाही असं समजा.

आमच्या गाडीला मागच्या बाजूला स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा. पुढं मात्र स्प्रिंगच्या पोटातूनच शॉकअप गेलेला असतो, आणि चाकही त्यालाच धरलेलं. त्याला स्ट्रट म्हणतात. मॅकफर्सन नावाच्या अमेरिकन इंजिनिअरची ही युक्ती, १९५० साली इंग्लंडच्या फोर्ड कॉन्सल गाडीला बसवली होती. जागा कमी लागते म्हणून लहान गाड्यांना फार सोयीची. पण त्यामुळेच मागचा शॉकअप अर्ध्या तासात निघतो, आणि पुढच्यासाठी स्प्रिंग आवळून धरावी लागते.

तपासायची रीत सोपी आहे, घरी करण्यासारखी आहे. गाडी सपाट जागी लावायची, एका कोपऱ्यावर दोन्ही हातांनी जोर देऊन दाबायचं आणि सोडायचं. वर येऊन थांबली तर ठीक. आमची डावी बाजू सोडल्यावर तीनदा मान डोलवायची! टायरवरून हात फिरवला, तर कुठं उंच, कुठं खोलगट लागत होतं. ब्रेक मारला की गाडी नाक खाली घालायची. आणि नळीवर तेलाचा ओला ओघळ, त्यावर धूळ बसून चिखल. इतकं सगळं समोर होतं, आणि मी रोज तीच गाडी पुसत होते.

आता काय घ्यायचं, हा प्रश्न. सल्ले भरपूर मिळाले. ह्यांच्या मित्रानं जुने शॉकअप तेल भरून, रंग मारून मिळतात ते सुचवले. चारही दोन हजारांच्या आत. भाचा म्हणाला, “मामी, कडक गॅसवाले टाक, गाडी कशी रस्त्याला चिकटून पळेल.” सांगलीचे दुकानदार म्हणाले, गळतोय तो डावा एकच बदला, बाकीचे वर्षभर जातील.

रंग मारलेल्यांचं मिस्त्रींनी एका वाक्यात निकालात काढलं. तेल नवं भरता येतं, झिजलेला दांडा नवा होत नाही, आणि दांडा झिजला की वरचं सील पुन्हा फाटतं. एकच बदलण्यातही अर्थ नाही. एक पाय धडधाकट आणि एक लंगडा, मग ब्रेक मारला की गाडी एका अंगाला जाते. बदलायचे ते जोडीनं.

गॅसची गोष्ट जरा वेगळी निघाली. ताक घुसळलं की फेस येतो, तसा खराब रस्त्यावर शॉकअपमधल्या तेलालाही येतो, आणि फेसाला जोर नसतो. म्हणून आत थोड्या दाबानं नायट्रोजन भरतात. म्हणजे गॅस असणं वाईट नाही. वाईट ते कडक असणं. कडक शॉकअप वळणावर गाडी घट्ट धरतो, पण प्रत्येक बारीक खडा जसाच्या तसा सीटवर पोचवतो. भाच्याच्या पंचविशीला ते चालेल. माझ्या गाडीत बसणार आहे पट्टा बांधलेली एक्क्याऐंशी वर्षांची बाई, आणि गाडी पळणार ताशी पन्नासच्या आत. तेव्हा कारखान्यातून गाडीला जसे आले होते तशाच मापाचे, तशाच मऊपणाचे, चारही नवे, असं मी ठरवलं.

स्प्रिंगा बदलायच्या का, ते शिवणाच्या टेपनं ठरवलं. चारही चाकांपाशी जमिनीपासून पत्र्याच्या कमानीपर्यंत मोजलं. डावं-उजवं सारखं भरलं, म्हणजे स्प्रिंगा बसलेल्या नाहीत. तेवढे पैसे वाचले. पण स्ट्रटच्या वरचं रबरी माउंटिंग, त्यातलं बेअरिंग, आतला रबरी बंपस्टॉप आणि धूळ अडवणारा बूट हे सगळं नवंच घेतलं. जुनं रबर बोटानं दाबलं, तर त्याचा भुगा पडत होता. नव्या कुकरला जुनी गॅसकेट कोण लावतं?

मजुरी धरून आकडा नऊ हजारांवर गेला. हे म्हणाले, “अगं, त्या डब्याला नऊ हजार? गाडी विकली तर किती येतील?” मी काही बोलले नाही. रात्री जेवणं झाल्यावर मात्र मला राहवलं नाही. दसऱ्याला मिस्त्री काय म्हणाले होते आणि मी ते कसं दाबून ठेवलं, सगळं सांगून टाकलं. हे बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, “मलाही त्यानं सांगितलं होतं. खंडेनवमीला हार द्यायला गेलो होतो तेव्हा.” दोघंही गप्प. सकाळी टेबलावर पैसे ठेवलेले होते.

दुकानात जाताना आर.सी. बुक बरोबर नेलं, कारण वर्षागणिक भाग बदलतात. पुढचे स्ट्रट डावे-उजवे वेगळे असतात, तेही पाहून घेतलं. पक्कं बिल घेतलं. बसवताना मी तिथंच होते. पूर्वी कुणीतरी स्प्रिंग तारेनं बांधून काढायचा उद्योग केलेला मी ऐकला होता. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणसाचा जीव जातो. मिस्त्रींनी दोन्ही बाजूंनी आवळायचं हत्यार लावलं, तेव्हा मी चहा मागवला. नवे शॉकअप बसवण्याआधी त्यांनी उभे धरून चार-पाच वेळा दाबले. आडवे पडून राहिले, की आत हवा शिरते म्हणे. रबरी बुशांचे नट शेवटी आवळले, गाडी जमिनीवर उतरवून. अधांतरी आवळले तर रबर कायमचं पिळलेलं राहतं. मग लगेच चाकांचं अलाइनमेंट करून घेतलं. स्ट्रट हलले की ते करावंच लागतं, नाहीतर टायर पुन्हा खाल्ले जातात.

परवा आईंना मिरजेला दाखवून आणलं. या वेळी पुढच्या सीटवर बसवलं, गादीसकट. तोच गतिरोधक नव्हे, पण तसाच एक लागला. मी पहिल्या गिअरमध्ये नेली. गाडी चढली, उतरली, थांबली. मी हळूच शेजारी पाहिलं. आई खिडकीतून द्राक्षांच्या बागा बघत होत्या.

“आई, लागलं का?”

“कुठं काय?” त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, “पाठ बरी झाली की वाडीला जाऊ एकदा. दत्ताचं दर्शन राहिलंय.”

डॉक्टरांनी आणखी सहा आठवडे थांबायला सांगितलं आहे. नरसोबाच्या वाडीहून कवठाची बर्फी किती आणायची, ते त्यांनी आत्ताच सांगून ठेवलंय.