खिशातला किडा

रात्रीचे साडेअकरा. निन्टेन्डोचं स्विच टीव्हीला जोडून पोकेमॉन खेळत होतो, मध्येच थांबलो. एवढा मोठा पिकाचू बघायची डोळ्यांना सवयच नाही.

१९९६ साली सातोशी ताजिरींनी गेम बॉय या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी हा खेळ केला, तो लहानपणीच्या किडे पकडायच्या नादातून. दोन यंत्रांमधल्या केबलवरून किडा पलीकडे सरपटत जातोय, असं त्यांच्या डोळ्यांपुढे आलं म्हणे. किडा खिशातच शोभतो! म्हणून की काय, टीव्हीवर यायला या मालिकेने फार आढेवेढे घेतले. निन्टेन्डो ६४ वरच्या ‘स्टेडियम’मध्ये कंट्रोलरला ट्रान्सफर पॅक लावायचा, त्यात गेम बॉयचं कार्ट्रिज खोचायचं, की आपलेच पोकेमॉन पडद्यावर झुंजायचे. पण ‘स्टेडियम’ची स्वतःची भटकंती नाही, नुसता आखाडा. २००३ च्या ‘कोलोसियम’मध्ये गोष्ट आली, तरी गवतात दबा धरलेला रानटी पोकेमॉन नाहीच, दुसऱ्यांचे हिसकावायचे. (मला तो चोरटेपणा आवडतो, खोटं कशाला बोलू?)

गावोगाव भटकायचा मूळ मालिकेतला खेळ टीव्हीला जोडायच्या यंत्रासाठी बनला तो २०१८ साली, ‘लेट्स गो’च्या रूपाने. आणि तोही स्विचवर, म्हणजे पुन्हा हातात मावणाऱ्या यंत्रावरच.

स्विच डॉकमधून काढलं, दिवा मालवला, पांघरुणात शिरलो. आता पिकाचू बरोबर अंगठ्याएवढा दिसतोय.