झाकली मूठ

दोन वर्षांपूर्वीच्या जूनमधली गोष्ट. बेळगावात पाऊस नुकता धरला होता आणि भिजलेले वर्तमानपत्र मी ओसरीवर वाळत घालीत होतो, तोच न्यू जर्सीहून भाचीचा फोन आला. तिच्याकडे तेव्हा मध्यरात्र होती. "मामा, तुम्हीच त्याला समजावून सांगा. माझे तो ऐकत नाही," एवढेच ती म्हणाली आणि रडू लागली.

तिच्या मुलाला डॉक्टर व्हायचे आहे. तिकडे त्यासाठी बहुधा आधी चार वर्षांची पदवी घ्यावी लागते आणि मग वैद्यकीय महाविद्यालयांना अर्ज करावा लागतो. त्या पदवीच्या दुसऱ्या वर्षी त्याने रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मित्राच्या वहीतील निरीक्षणे आपल्या अहवालात उतरवून घेतली होती. ते उघडकीस आले. त्या प्रयोगाला शून्य गुण मिळाले आणि एक सत्र त्याला शिस्तीच्या देखरेखीखाली काढावे लागले. पुढे वर्तन चांगले राहिले म्हणून कॉलेजने ती नोंद पुसून टाकली. गुणपत्रिकेवर तिचा मागमूसही उरला नाही. मग अर्जात ती आपण होऊन कशाला लिहायची, असा भाचीचा प्रश्न होता.

मी अडतीस वर्षे शिक्षक होतो. मुलांना सत्याचे महत्त्व शिकवण्यात माझा बराच खडू झिजला आहे. तरीही त्या दिवशी नातवाला मी जे सांगितले ते माझ्या आईच्या तोंडचे वाक्य होते: झाकली मूठ सव्वा लाखाची.

तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "मामाआजोबा, नियम वाचून दाखवू का?" अमेरिकेतील बहुतेक वैद्यकीय महाविद्यालयांचे अर्ज तेथील महाविद्यालयांच्या संघामार्फत एकाच ठिकाणी भरले जातात. हा संघ १८७६ सालचा आहे. त्या अर्जात एक प्रश्न असा की, अभ्यासातील अपयशाबद्दल किंवा गैरवर्तनाबद्दल कोणत्याही कॉलेजने तुमच्यावर कधी कारवाई केली आहे काय? शिक्षणात खंड पडला नसला, नोंद गुणपत्रिकेवर नसली, इतकेच नव्हे तर ती पुसून टाकलेली असली, तरीही उत्तर 'होय' असेच द्यावयाचे. त्याखाली खुलाशासाठी जागा असते ती १,३२५ अक्षरांची, मोकळ्या जागा धरून. म्हणजे आमच्या म्हणीला तेथे थाराच नव्हता.

इतकी खोदाई कशासाठी, हा प्रश्न मला पडला आणि मी थोडे वाचले. मॅक्सीन पापाडाकिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास २००५ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे राज्यांच्या वैद्यक मंडळांनी ज्यांच्यावर कारवाई केली अशा २३५ डॉक्टरांचे विद्यार्थिदशेतील कागद त्यांनी तपासले आणि त्याच तीन महाविद्यालयांतील निष्कलंक डॉक्टरांच्या कागदांशी ते ताडून पाहिले. कारवाई झालेल्यांपैकी शंभरात ३९ जणांच्या विद्यार्थिदशेतच अशोभनीय वर्तनाच्या नोंदी होत्या. इतरांत हे प्रमाण १९ होते. सर्वांत घट्ट संबंध आढळला तो पराकोटीच्या बेजबाबदारपणाशी, आणि त्याखालोखाल स्वतःला सुधारण्याची कुवत नसण्याशी. त्या नोंदी वैद्यकीय शिक्षण चालू असतानाच्या होत्या, त्यापूर्वीच्या नव्हेत. म्हणून एका चोरलेल्या प्रयोगावरून कोणी पुढचा डॉक्टर ओळखू म्हणेल तर मी ते मानणार नाही. परंतु विचारणाऱ्यांना भीती कशाची वाटते, एवढे मला समजले. सांगितलेली चूक कदाचित माफ होईल; लपवलेली सापडली तर माफ होणे कठीण.

खुलाशाचा मसुदा त्याने मला फोनवर वाचून दाखवला. इंग्रजी सफाईदार होते. त्या सत्रात अभ्यासाचा ताण असह्य झाला होता, सूचना पुरेशा स्पष्ट नव्हत्या, एक चुकीचा निर्णय घेतला गेला, आणि त्या अनुभवातून मोलाचे धडे शिकायला मिळाले. मला हसू आले. सातवीतल्या मुलांच्या माफीच्या चिठ्ठ्यांत मी हेच वाचत आलो आहे: 'माझ्याकडून वही विसरली गेली', 'माझ्या हातून काच फुटली'. आपल्या मराठीत चूक नेहमी हातून घडते. करणारा जणू जवळपास नसतोच.

मी त्याला म्हटले, "आता हेच मला मराठीत सांग."

त्याचे मराठी स्वयंपाकघरातले. आईशी बोलण्यापुरते. 'ताण', 'निर्णय' वगैरे शब्द त्याच्यापाशी नव्हतेच. बराच वेळ अडखळून तो म्हणाला, "माझा प्रयोग बिघडला होता. परत करायचा मला कंटाळा आला. मी त्याची वही घेतली आणि त्यातले आकडे लिहिले. ते वाईट आहे हे मला माहीत होते."

"हेच इंग्रजीत लिही," मी म्हणालो. १,३२५ अक्षरांतली निम्मी जागा रिकामी राहिली. भाचीला ते फार उघडेवाघडे वाटले. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

आपल्याकडे हा प्रसंगच येत नाही. नीटचे गुण असले की झाले; पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयासारखे अपवाद सोडले तर डॉक्टर होऊ पाहणाऱ्या मुलाला समोर बसवून कोणी दोन प्रश्नही विचारीत नाही. आपल्याकडे असतो तो शाळा सोडल्याचा दाखला, आणि त्यात एक रकाना असतो 'वर्तणूक'. शेकडो दाखल्यांवर तो रकाना मी माझ्या हाताने भरला आहे. शेकडो वेळा 'चांगली'. १९९१ साली एकदा मात्र 'असमाधानकारक' असे लिहिले. पूर्वपरीक्षेत एका मुलाच्या बाकाखाली लिहिलेला कागद सापडला होता. तो कागद त्याचाच होता काय, हे मी त्याला विचारले नाही. मुलाला सैन्यात जायचे होते. निकालानंतर त्याचे वडील शाळेच्या दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, "गुरुजी, हा दाखला घेऊन भरतीला जात नाही म्हणतो." नोंद झाली ती झाली, असे मी त्यांना सांगितले. ते नमस्कार करून गेले. त्या मुलाला एक ओळही लिहायला जागा नव्हती.

ऑक्टोबरात नातवाला दोन ठिकाणांहून मुलाखतीची बोलावणी आली. २०२० सालच्या साथीपासून तिकडे पुष्कळ मुलाखती संगणकाच्या पडद्यावरच होतात, तेव्हा तो वरती कोट, टाय आणि खाली घरातला पायजमा अशा थाटात बसला होता म्हणे. पहिल्या ठिकाणच्या परीक्षकांनी त्याचे कागद पाहिलेच नव्हते. काही महाविद्यालयांची तशीच रीत असते, म्हणजे मन आधीच कलुषित होत नाही. तेथे तो विषय निघाला नाही. यानेही काढला नाही, आणि भाचीने सुटकेचा निःश्वास टाकला.

दुसऱ्या ठिकाणी एक वृद्ध डॉक्टरीणबाई होत्या आणि त्यांच्यापुढे अर्ज उघडा होता. त्या दिवशी आमच्याकडे रात्रीचे आठ वाजले होते. जेवण तसेच ठेवून मी फोनपाशी बसून राहिलो. नऊच्या सुमारास त्याचा फोन आला. आवाज पार उतरला होता.

बाईंनी प्रथम त्याला काय घडले ते सांगावयास लावले. ते त्याने नीट सांगितले. पुन्हा तसा प्रसंग आला काय, आला तेव्हा काय केलेस, हेही त्यांनी विचारले. पुढे एका प्रयोगाचे आकडे जुळेनात तेव्हा ते तसेच चुकीचे लिहून त्याने कमी गुण घेतले होते. तेही त्याने सांगितले. इथपर्यंतची सगळी तयारी आम्ही केली होती. मग बाई म्हणाल्या, "आणि ज्याची वही होती, त्याचे काय झाले?"

वही दिली म्हणून त्या मित्रालाही तीच शिक्षा झाली होती. ही गोष्ट मला तोवर ठाऊक नव्हती. मसुद्यात, मराठीतल्या कबुलीत, आमच्या साऱ्या तालमींत तो मित्र कोठेच नव्हता. मीही त्याच्याविषयी कधी विचारले नव्हते.

"मग तू काय सांगितलेस?" मी विचारले.

"खरे तेच सांगितले. त्यानंतर मी त्याच्याशी बोललो नाही."

बाईंनी ते टिपून घेतले आणि पुढचा प्रश्न विचारला. सारे संपले असेच तो धरून बसला होता. तरी त्या रात्री त्याने मित्राचा नंबर शोधला आणि फोन केला. काय बोलणे झाले ते त्याने मला सांगितले नाही. फक्त पाऊण तास बोललो, एवढे म्हणाला.

पहिल्या महाविद्यालयाने नकार कळवला. दुसऱ्याने त्याला प्रतीक्षायादीवर ठेवले आणि पुढल्या मे महिन्यात घेतले. भाचीने मला पेढे पाठवण्याची खटपट केली, ते अर्थातच पोहोचले नाहीत.

१९९१ च्या त्या मुलाचे खानापूर रस्त्यावर सायकलदुरुस्तीचे दुकान आहे. आता त्याचे केस पांढरे झाले आहेत. बाजारात जायचे तर माझी वाट त्याच्याच दारावरून जाते. मी अजून मागच्या गल्लीने जातो.