७७ फुटांचा किल्ला

लहानपणी डिस्नेचा पिक्चर लागला की आधी पडद्यावर एक किल्ला यायचा. उंच, निमुळते मनोरे आणि त्यांच्यावरून जाणारी प्रकाशाची कमान. असा किल्ला कुठे नसतोच, असं मला वाटायचं. सिव्हिलला आल्यावर कळलं, तसा एक आहे! अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅनाहाइमला, डिस्नेलँडमध्ये. मग त्याच्याबद्दल मिळेल ते वाचत सुटलो. मेकॅनिकलच्या रूम पार्टनरने मात्र निकाल देऊन टाकला, "नकली आहे रे तो!"

नकली तर आहेच. पण मग खरा कोणता?

वॉल्ट डिस्नेसमोर नमुना होता जर्मनीतल्या बव्हेरियाच्या नॉयश्वानस्टाइन किल्ल्याचा. राजा दुसरा लुडविग याने तो १८६९ मध्ये बांधायला घेतला. तेव्हा तट-बुरुजांची लढाईला गरजच उरली नव्हती. त्याची चित्रं काढली ती ख्रिश्चन यांक या नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या कलाकाराने! बाहेरून मध्ययुगीन थाट, आत मात्र नळाचं पाणी आणि गरम हवेची सोय. राजा कर्जात बुडाला, १८८६ मध्ये वारला आणि काम अर्धवटच राहिलं. म्हणजे ज्याची नक्कल झाली, तोही एका अर्थी सेटच!

आता डिस्नेकडे वळू. १९५३ मध्ये पार्कसाठी पैसा उभा करायचा होता आणि दाखवायला चित्र नव्हतं. हर्बर्ट रायमन या कलाकाराने शनिवार-रविवारी बसून पहिलं मोठं चित्र काढलं. (आपली सबमिशन्स आठवली ना?) वॉल्टचा भाऊ रॉय ते घेऊन न्यूयॉर्कला गेला. पुढे किल्ल्याचं मॉडेल झालं, पण ते फारच नॉयश्वानस्टाइनसारखं दिसत होतं. थोडक्यात, जीटी! असं सांगतात, की रायमनने वरचा भाग उचलून मागचा पुढे फिरवला आणि वॉल्टला तेच आवडलं.

१७ जुलै १९५५ ला पार्क सुरू झाला. किल्ल्याची उंची फक्त ७७ फूट. तरी तो उंच वाटतो, कारण खालचे दगड मोठे आणि वर जाल तसे लहान. डोळ्याला वाटतं, टोक फार लांब आहे. याला ‘फोर्स्ड पर्स्पेक्टिव्ह’ म्हणतात. गंमत म्हणजे सुरुवातीला आत बघण्यासारखं काही नव्हतंच. राजकन्येच्या गोष्टीचे देखावे १९५७ मध्ये आले आणि ‘स्लीपिंग ब्यूटी’ हा सिनेमा तर थेट १९५९ मध्ये!

दिवाळीच्या सुट्टीत हे सगळं मी वडिलांना सांगितलं. ते गवंडीकाम करतात. राजाच्या गोष्टीत त्यांना फारसा रस वाटला नाही, दगडांपाशी मात्र ते थांबले. "म्हणजे वर जाईल तसं माप बदलायचं? किचकट काम आहे." मी म्हटलं, "पण नकलीच ना?" तर म्हणाले, "बघणाऱ्याला कुठून कसं दिसेल, याचा आधी विचार केलाय त्यांनी. आम्हाला तर नुसतं सांगतात, भिंत उभी करा."

मित्रांनो, पर्स्पेक्टिव्हची शीट मीही मार्कांसाठीच काढली होती. पण उद्या भिंत कुठे उभी करायची हे सांगणारे आपणच असणार आहोत. ती भिंत रोज कोण, कुठून बघणार आहे, एवढा विचार तरी शीट काढताना करायला हवा.