शिळेवरचे नाव

कार्तिकी करून परतल्यावर आम्ही घोडेगावचे चार माळकरी जुन्नरकडे निघालो. लेण्याद्रीच्या पायऱ्या चढताना मुखी रामकृष्णहरी चालले होते, गुडघे मात्र निराळेच काही म्हणत होते.

गिरिजात्मजाचे देऊळ म्हणजे मुळात बौद्ध भिक्षूंचा विहार. डोंगरात कोरलेला प्रशस्त मंडप, मध्ये एकही खांब नाही, कडेने भिक्षूंच्या खोल्या. देवाला शेंदूर आहे, तो देवाच्या ठिकाणी. कातळ मात्र कातळच राहिला आहे. शेजारच्या चैत्यगृहावर ब्राह्मी लेख आहे. सोबतच्या गुरुजींनी अर्थ सांगितला : कल्याणच्या हेरणिकाचा पुत्र सुलसदत्त याचे हे दान. १८०० वर्षांहून अधिक काळ ते नाव तिथे आहे.

मला माझे नाव आठवले. आमच्या वाडीच्या काळ्या दगडाच्या देवळाला ८ वर्षांपूर्वी निळा ऑइलपेंट दिला, त्या देणगीदारांत मी होतो. भिंतीवर नावही रंगवून घेतले. दोन पावसाळ्यांत रंगाला फुगे आले. ओलीला बाहेर पडायला वाट उरली नाही आणि दगडाचे कपचे सुटू लागले. आता त्यावर टाइल्स बसवायचे ठरले आहे.

परत आल्यावर हरिपाठ संपताच मी म्हणालो, "टाइल्स नकोत. जाणत्याला विचारून रंगच उतरवू."

एक तरुण म्हणाला, "बाबा, तेव्हा रंग तुम्हीच आणलात ना?"

खरेच होते ते. टाइल्सची खोकी अजून सभामंडपात आहेत. एकादशीच्या कीर्तनाला पखवाज त्यांवरच टेकवला होता.