लष्करातला जिना

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. पुण्यात 'मी कॅम्पात राहतो' म्हटलं की पेठेतला माणूस पहिलं विचारतो, "एवढ्या लांब?" आता लक्ष्मी रोडपासून अंतर जेमतेम तीन किलोमीटर. पण पेठेच्या हिशोबात नाना पेठ ओलांडली की परदेश! दुसरा प्रश्नही ठरलेला : "येताना श्रुसबरी बिस्किटं आणशील का रे?" :-)

जुनी माणसं अजूनही 'लष्कर' म्हणतात. १८१७ साली खडकीची लढाई झाली, पेशवाई गेली आणि इंग्रजांनी गावाच्या पूर्वेला छावणी टाकली. छावणी आली की तिला पाव, कापड, दारू, घोड्यांचा दाणा पुरवणारे आलेच. पारशी आले, बोहरी आले, तमिळ मुदलियार आले. मागून बगदादी ज्यू, इराणी, फाळणीनंतर सिंधी. कोणी कोणावर जीव जडला म्हणून आलं नाही, धंदा होता म्हणून आले. मला ही गोष्ट फार दिलासा देणारी वाटते. एकत्र राहायला आधी एकमेकांवर प्रेम असावं लागतं अशी काही अट नाही, एवढं त्यातून कळतं.

डेव्हिड ससून यांनी सुरू केलेलं आणि १८६७ मध्ये पूर्ण झालेलं 'ओहेल डेव्हिड' सिनेगॉग इथंच आहे. लाल विटांचं, उंच मनोऱ्याचं. लोकांनी त्याला सरळ 'लाल देऊळ' करून टाकलं. विषय संपला! चारबावडीला बाबाजानचा दर्गा आहे. कडुलिंबाखाली बसणारी ही फकीर म्हातारी १९३१ साली गेली. १९१३ मध्ये सायकलवरून चाललेला एक इराणी कॉलेजकुमार तिच्यापाशी थांबला, तेच पुढे मेहेरबाबा झाले. मधल्या काळात ते साकोरीच्या उपासनी महाराजांकडेही राहून आले. झरतुष्ट्री घरातला मुलगा, मुसलमान म्हातारी आणि ब्राह्मण गुरू. आज एवढ्यावर व्हॉट्सॲपचे तीन ग्रुप फुटतील.

असो. मी काही इतिहास वाचून इथं आलो नाही. २०१९ मध्ये नोकरी लागली तेव्हा मी आणि माझा फ्लॅटमेट (एकाच कॉलेजचे, एकाच बेंचवरचे) घर शोधत होतो. एजंट फोनवर गोड बोलायचे. माझं नाव सांगून झालं की त्याचं विचारायचे. तो सोलापूरचा मुसलमान. मग "ओनरशी बोलून कळवतो" म्हणायचे आणि कळवायचे नाहीत. असं नऊ वेळा झालं. दहाव्या वेळी कॅम्पातल्या एका पारशी आजीने दारातच विचारलं, "रात्री मोठ्याने गाणी लावणार काय? भाडा पाच तारखेला." बस्स. आम्ही सामान आणलं.

आमचा जिना म्हणजे एक नमुना आहे. तळमजल्यावर बोहरी कुटुंब, समोर कॅथलिक आंटी, वर तमिळ काका. बोहऱ्यांचं कॅलेंडर वेगळं, त्यामुळे त्यांची ईद बहुतेक वेळा फ्लॅटमेटच्या ईदच्या एक-दोन दिवस आधी येते. म्हणजे मला दोनदा शीरखुर्मा. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मेस बंद पडली तेव्हा या जिन्यानं आम्हाला जेवू घातलं. बोहरी चाचींचं दाल-चावल-पलिदू पहिल्यांदा तेव्हाच खाल्लं.

म्हणून इथं सगळं गोग्गोड आहे असं समजू नका हं. पाणी सकाळी एकदाच. बाईक लावण्यावरून तमिळ काका आणि चाचा दर महिन्याला कडाकडा भांडतात. जिन्यातला बल्ब कोणी बदलायचा यावर आठवडे जातात. पण भांडण बाईकवरून होतं आणि बाईकपाशीच संपतं. कोणी कोणाचा धर्म मध्ये ओढत नाही. दुसऱ्या दिवशी त्याच जिन्यातून उतरायचं असतं ना!

आता खरा पेच. बाबा सांगलीहून दर रविवारी फोन करतात. "भाडं म्हणजे वाहून गेलेलं पाणी. वाकडला फ्लॅट बघ." त्यांचं गणित बरोबर आहे. आणि इथं विकत घ्यावं तर कॅन्टोन्मेंटच्या कितीतरी बंगल्यांखालची जमीन सरकारची, वरचं बांधकाम तेवढं आपलं. कर्जाचं नाव काढलं की समोरचा कागद उलटेपालटे करत बसतो.

म्हणून मागच्या महिन्यात एक मोठी स्कीम बघायला गेलो. सोबत फ्लॅटमेटही होता. स्विमिंग पूल, जिम, गेटवर तीन वॉचमन. सगळं चकाचक. सेल्सवाला मुलगा आमच्या दोघांकडे बघून हळूच म्हणाला, "सर, सेफ्टीचं टेन्शन नाही. सगळी आपलीच माणसं आहेत. तसले लोक नाहीत इथे."

फ्लॅटमेटने शांतपणे विचारलं, "मेंटेनन्स किती?" आकडा ऐकला, टेबलावरची पेपरमिंटची गोळी उचलली आणि बाहेर पडला. येताना बाईकवर तो मागे बसून ऑफिसमधल्या रिलीजबद्दल बोलत होता. मी हूं हूं करत होतो. त्याला अशा वाक्यांची सवय आहे, हे मला त्या गोळीवरून कळलं.

बाबांना सांगितलंय, यंदा नाही. कारण विचारलं तेव्हा सेल्सवाल्याचं वाक्य जसंच्या तसं ऐकवलं. ते जरा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "अजून एक-दोन ठिकाणं बघू." बघणारच आहे. पण आता जिथं जाईन तिथं पार्किंगच्या आधी लेटरबॉक्सवरची नावं वाचेन.

अकरा महिन्यांचा करार परवा पुन्हा केला. फ्लॅटमेटचं डिसेंबरमध्ये लग्न आहे, त्याला वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या हव्या आहेत. आजीने बरोब्बर एकच शंका काढली : "पाणी एकदाच येते. बायकोला चालेल ने?"